सह्याद्रीतील उन्हाळी पदभ्रमण

सह्याद्रीतील उन्हाळी पदभ्रमण म्हणजे मार्च ते जूनचा पहिला आठवडा या कोरड्या काळात पश्चिम घाटाच्या महाराष्ट्रातील भागात डोंगर, किल्ले आणि घाटवाटांवरून केलेली पायी भटकंती होय. पावसाळा व हिवाळा हे सह्याद्रीतील भटकंतीचे मुख्य हंगाम मानले जातात. तरीही शाळा-महाविद्यालयांच्या सुट्ट्या, मे महिन्याच्या अखेरीस दिसणारे काजवे आणि रायगडावरील शिवराज्याभिषेक सोहळा यांमुळे उन्हाळ्यातही अनेक लोक डोंगरात जातात.

या ऋतूत वाटा कोरड्या असतात, धुके नसते आणि ओढे आटलेले असतात. त्यामुळे वाट वरकरणी सोपी भासते. प्रत्यक्षात सुटा घसारा, सावलीचा अभाव, आटलेली पाण्याची टाकी आणि तीव्र ऊन यांमुळे तीच वाट इतर ऋतूंपेक्षा अधिक कष्टाची व धोक्याची ठरू शकते. उन्हाळी पदभ्रमणाची सुरक्षितता चढाईच्या कौशल्याइतकीच पाण्याच्या व वेळेच्या नियोजनावर अवलंबून असते.

## भूरचना

महाराष्ट्रातील सह्याद्री मुख्यतः दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्हाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश निर्माण झाला. हे थर सारख्या कठीणपणाचे नाहीत. कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपाने टिकून राहतात, तर मऊ थर झिजून त्यांचे उतार व सपाट पट्टे बनतात. म्हणूनच सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. कड्याच्या पायथ्याशी असलेल्या सपाट अथवा कमी उताराच्या पट्ट्याला ‘पदर’ म्हणतात.

डोंगरवाटेचे टप्पे या रचनेशी जुळलेले असतात. पायथ्याच्या गावातून निघालेली वाट प्रथम सोंडेवरून किंवा धारेवरून चढते, पदरातील झाडीत शिरते, कड्याखालून आडवी जाते आणि शेवटी एखाद्या नाळेतून, खिंडीतून किंवा कातळात कोरलेल्या पायऱ्यांवरून माथा गाठते. उन्हाळ्यात यांपैकी प्रत्येक टप्प्याची अडचण वेगळी असते.

## हवामान

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा उन्हाळा सारखा नसतो. पश्चिमेकडील कोकणात तापमान तुलनेने कमी, परंतु हवा दमट असते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही व शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते. पूर्वेकडील देशावर तापमान अधिक व हवा कोरडी असते. तेथे घाम त्वरित वाळत असल्याने शरीरातून किती पाणी गेले हे चालणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटांवर एकाच दिवसात हे दोन्ही अनुभव येऊ शकतात.

उंचीनुसार तापमान दर १००० मीटरला साधारणपणे ६.५ अंश सेल्सियसने घटते. तथापि सह्याद्रीतील शिखरांची उंची मर्यादित आहे. सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. त्यामुळे उंचीचा हा लाभ उघड्या कातळावरील उन्हात फारसा जाणवत नाही.

महाराष्ट्राच्या अक्षांशांवर मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. या दिवसाला ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणतात. त्याच्या आसपासच्या दिवसांत दुपारी उभ्या कड्याचीही सावली वाटेवर जवळजवळ पडत नाही. सकाळी मात्र पश्चिमेकडे तोंड असलेले उतार बराच वेळ सावलीत राहतात आणि दुपारनंतर तापतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांची स्थिती याच्या उलट असते. वाटेची निवड व निघण्याची वेळ ठरवताना ही बाब महत्त्वाची असते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार उष्णतेच्या लाटेचा विचार करण्यासाठी कमाल तापमान मैदानी भागात किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सियस असावे लागते. एप्रिल व मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा पाऊस पडतो. त्यासोबत विजा, वादळी वारा आणि क्वचित गारा येतात. मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे.

## वाटांची स्थिती

### घसारा

उतारावर साचलेले सुटे दगड, मुरूम आणि भुसभुशीत माती यांना ‘घसारा’ म्हणतात. पावसाळ्यात व त्यानंतर काही महिने मातीतील ओलाव्यामुळे हे कण एकमेकांना धरून राहतात. उन्हाळ्यात ओलावा संपतो, माती भुकटी होते आणि लहान खडे बुटाखाली गोट्यांप्रमाणे घरंगळतात. चढताना याचा उपद्रव कमी होतो, कारण शरीराचा तोल उताराकडे झुकलेला असतो. उतरताना तोल मागे जातो व पाय निसटतो. म्हणून ज्या टप्प्यावरून सहज चढता आले, तो उतरताना अवघड ठरण्याची शक्यता असते. दिवसभराचा थकवा आणि पाण्याची कमतरता यांची भर उतरणीच्या वेळीच पडते.

### वाळलेले गवत

पावसाळ्यात कंबरेएवढे वाढलेले गवत उन्हाळ्यात पिवळे पडून आडवे होते. त्याच्या गुळगुळीत काड्या उताराच्या दिशेने पसरलेल्या असतात व त्यांवरून बूट घसरतो. गवताखाली दडलेले खड्डे आणि दगड दिसत नाहीत. कारवीच्या झुडपांच्या काठ्या अनेक वाटांवर आधाराला येतात, परंतु वाळलेली काठी भार पडताच मोडू शकते. कातळाच्या फटीत उगवलेल्या वाळक्या मुळांबाबतही हाच अनुभव येतो.

### नाळ व ओढ्यांची पात्रे

दोन डोंगरधारांमधील अरुंद, तीव्र उताराच्या घळीला ‘नाळ’ म्हणतात. पावसाळ्यात पाण्याच्या लोंढ्यामुळे अशा वाटा बंद असतात. त्या वापरण्याजोग्या होतात त्या कोरड्या ऋतूतच. नाळेत लहान-मोठ्या धोंड्यांचा खच असतो. यांतील अनेक धोंडे अस्थिर असतात व वरच्या व्यक्तीच्या पायाने निसटलेला दगड खालच्या व्यक्तीवर येऊ शकतो. त्यामुळे गटाने एकमेकांत पुरेसे अंतर ठेवणे किंवा धोकादायक टप्पा एकेकाने पार करणे ही पद्धत रूढ आहे. खोल नाळेत सावली मिळते, परंतु वारा अडल्यामुळे दुपारी उकाडा वाढतो.

### कातळटप्पे, शिड्या व कठडे

कोरडा बेसाल्ट कातळ पायाला चांगली पकड देतो. शेवाळ नसल्यामुळे कोरीव पायऱ्या, खोबणी आणि पावठ्या उन्हाळ्यात अधिक सुरक्षित असतात. मात्र पावठ्यांमध्ये साचलेली माती आणि खडे ही पकड कमी करतात. दुपारी काळा कातळ, लोखंडी शिड्या व कठडे एवढे तापतात की उघड्या हाताने ते धरणे कठीण होते. वादळाच्या वेळी लोखंडी शिड्या आणि कठडे यांपासून दूर राहणे आवश्यक असते.

### वाट चुकणे

धुके नसल्याने उन्हाळ्यात दूरवरचा प्रदेश स्पष्ट दिसतो. तरीही वाट चुकण्याचे प्रमाण कमी होत नाही. गवत वाळल्यावर व पाने गळल्यावर गुरांच्या वाटा, लाकूडफाट्याच्या वाटा आणि मुख्य वाट यांतील फरक नाहीसा होतो. गुरांच्या वाटा अनेकदा आडव्या जात जात कड्याच्या टोकाशी किंवा चराऊ पट्ट्यात संपतात. वणव्यानंतर जळालेल्या उतारावर पायवाटेच्या खुणा पुसट होतात. दगडांवर रंगवलेले बाण आणि दगड रचून केलेल्या खुणा मार्गदर्शक ठरतात, परंतु त्या एकाच वाटेच्या असतील असे नाही. अनोळखी प्रदेशात स्थानिक वाटाड्या सोबत घेणे अधिक विश्वसनीय मानले जाते.

## पाण्याची उपलब्धता

सह्याद्रीत महाराष्ट्रातील सर्वाधिक पाऊस पडतो. तथापि तीव्र उतारांमुळे बरेचसे पाणी वाहून जाते व कठीण बेसाल्टमध्ये ते फारसे मुरत नाही. परिणामी घाटमाथ्यावरील अनेक झरे व ओढे उन्हाळ्यात आटतात.

किल्ल्यांवरील व घाटवाटांवरील पाण्याची मुख्य सोय म्हणजे कातळात खोदलेली टाकी होत. प्राकृत शिलालेखांत अशा टाक्यांसाठी ‘पोढी’ हा शब्द आढळतो. सातवाहनकालीन व्यापारी मार्ग असलेल्या नाणेघाटात वाटेवर व माथ्याजवळ अशी टाकी आहेत. त्यांवरून या मार्गांवरील पाण्याच्या गरजेचा विचार फार पूर्वीपासून झालेला दिसतो.

टाक्यांचे प्रकार व त्यांची उन्हाळ्यातील स्थिती पुढीलप्रमाणे असते:

* उघडी टाकी: केवळ पावसाच्या पाण्याने भरतात. बाष्पीभवनामुळे पातळी झपाट्याने घटते. उरलेल्या पाण्यात शेवाळ, गाळ व पाने साचतात.
* खांबटाकी: कातळाच्या आत खोदलेली व छताला आधार देणारे खांब राखलेली टाकी. सावलीमुळे यांतील पाणी थंड राहते व दीर्घकाळ टिकते.
* जिवंत झऱ्याची टाकी: खडकाच्या थरांतून पाझरणाऱ्या पाण्यावर भरतात. बहुधा हीच मे महिन्यापर्यंत भरवशाची राहतात.

एखाद्या टाक्यात पाणी असणे हे त्या वर्षीचा पाऊस, टाक्यातील गाळ व त्याचा वापर यांवर अवलंबून असते. मागील वर्षाच्या माहितीवर विसंबणे त्यामुळे धोक्याचे ठरते. पायथ्याच्या गावात चौकशी करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. टाक्यातील पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरिनच्या गोळ्यांनी शुद्ध करून पिणे उचित असते.

उन्हात चढताना प्रौढ व्यक्तीला साधारणपणे ताशी पाऊण ते एक लिटर पाणी लागते. पाच तासांच्या चालीसाठी यानुसार चार ते पाच लिटर पाणी, म्हणजेच चार ते पाच किलोग्रॅम वजन, पाठीवर वाहावे लागते. परतीच्या वाटेसाठी पाण्याचा निश्चित भाग राखून ठेवणे आणि अर्धे पाणी संपण्याच्या सुमारास माथा दृष्टिपथात नसेल तर माघारी फिरणे हा संकेत अनुभवी भटके पाळतात.

### पायथ्याची गावे व पाणीटंचाई

पायथ्याच्या अनेक वाड्यावस्त्यांवर एप्रिल-मे महिन्यांत पाणीटंचाई असते. स्त्रियांना दूरच्या विहिरीवरून हंड्याने पाणी आणावे लागते, तर काही ठिकाणी टँकरने पाणीपुरवठा होतो. मोठ्या गटाने गावच्या विहिरीवर पाणी भरल्यास हा ताण वाढतो. म्हणून लागणारे पाणी शहरातूनच नेणे, विहिरीवर हातपाय न धुणे व गडावरील टाक्यांत न उतरणे हे शिष्टाचार मानले जातात. दुसऱ्या बाजूस वाटेवर ताक, लिंबू सरबत, करवंदे व जांभळे यांची विक्री आणि भोजन-निवासाची व्यवस्था यांतून स्थानिक कुटुंबांना या काळात उत्पन्न मिळते.

## धोके

### उष्णतेचे विकार

अतिश्रम व पाण्याची कमतरता यांमुळे प्रथम पोटऱ्यांत गोळे येतात. पुढे डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि अतिशय थकवा ही लक्षणे दिसतात. या अवस्थेत सावलीत विश्रांती व क्षार-साखरयुक्त पाणी दिल्यास व्यक्ती बहुधा सावरते. उष्माघात ही याहून गंभीर, प्राणघातक ठरू शकणारी अवस्था आहे. त्यात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक होते आणि असंबद्ध बोलणे, भान हरपणे, झटके येणे अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. घाम थांबणे हे उष्माघाताचे अनिवार्य लक्षण नाही. चालताना उद्भवलेल्या उष्माघातात त्वचा घामाने ओली असू शकते.

उष्माघातात रुग्णाला त्वरित सावलीत नेऊन कपडे सैल करणे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालणे आणि रुग्णालयात पोहोचवण्याची व्यवस्था करणे आवश्यक असते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. तापावरील नेहमीच्या गोळ्यांचा यात उपयोग होत नाही.

केवळ साधे पाणी अति प्रमाणात प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटण्याचा धोका असतो. म्हणून जलसंजीवनीचे द्रावण, मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा ताक उपयुक्त ठरते. घरगुती जलसंजीवनीसाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चहाचा चमचा मीठ मिसळतात.

### मधमाश्या

उंच कड्यांवर व मोठ्या झाडांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. धूर, मोठा आवाज किंवा तीव्र सुगंधी द्रव्ये यांनी त्या चवताळून सामूहिक हल्ला करू शकतात. अशा वेळी डोके व चेहरा झाकून, हातवारे न करता, त्या जागेपासून शक्य तितक्या लवकर दूर जाणे हाच उपाय असतो. कड्याच्या काठावर मात्र धावपळ केल्यास पडण्याचा धोका असतो.

### साप

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप सह्याद्रीच्या परिसरात आढळतात. यांपैकी फुरसे खडकाळ, कोरड्या जागी दगडांखाली दडून राहते. न पाहता फटीत हात घालणे किंवा कोरीव गुहेत अंधारात पाय ठेवणे टाळावे लागते. दंश झाल्यास जखम कापणे वा आवळून बांधणे घातक असते. रुग्णाची हालचाल कमी ठेवून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपचार आहे.

### वणवा

पानगळीच्या जंगलात वाळलेल्या पानांचा व गवताचा थर उन्हाळ्यात सहज पेट घेतो. विझवलेली समजून सोडलेली चूल किंवा फेकलेले सिगारेटचे थोटूक वणव्याला कारणीभूत ठरू शकते. आग उताराच्या वरच्या दिशेने अधिक वेगाने पसरते. त्यामुळे आगीच्या वरच्या बाजूस असणाऱ्यांना सर्वाधिक धोका असतो.

### वळवाचा पाऊस व वीज

पहिल्या सरींनी घसाऱ्यावरील धुळीचा चिखल होतो व वाट अचानक निसरडी बनते. अरुंद घळीत पाण्याचा लोंढा येऊ शकतो. ढगांचा गडगडाट ऐकू येताच धार, शिखर, एकटे झाड व लोखंडी आधार यांपासून दूर जाऊन खालच्या भागात उतरणे आवश्यक असते.

## काही प्रमुख ठिकाणे

* कळसूबाई: अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात. बारी गावातून जाणारी वाट बहुतांश उघडी असून अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. उन्हाळ्यात पहाटेपूर्वी चढाई सुरू करण्याची पद्धत आहे.
* हरिश्चंद्रगड: पाचनई गावाची वाट तुलनेने लहान असून काही अंतर कड्याच्या आडोशाने जाते. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांबीची आहे. कोकणातील बेलपाड्याहून येणारी ‘नळीची वाट’ धोंड्यांनी भरलेली, कातळटप्प्यांची व अतिशय कष्टाची असून ती कोरड्या ऋतूत अनुभवी गटच चढतात.
* सांदण दरी: साम्रद गावाजवळील अरुंद घळ. पावसाळ्यात ती पाण्यामुळे बंद असते. उन्हाळ्यात तेथे सावली असते, परंतु वळवाच्या पावसाच्या शक्यतेत प्रवेश धोक्याचा ठरतो.
* राजगड: पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची व तुलनेने सोपी आहे. गुंजवणे गावातून चोरदरवाजाला जाणारी वाट तीव्र चढाची असून शेवटच्या टप्प्यात कठड्यांचा आधार घ्यावा लागतो.
* रायगड: शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी येथे झाला. ६ जून व ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी या दिवशी होणाऱ्या सोहळ्यांसाठी मोठा जनसमुदाय पायऱ्यांनी गड चढतो. पावसाच्या उंबरठ्यावरील दमट उकाडा व गर्दी यांमुळे पाणी आणि वैद्यकीय मदतीची व्यवस्था या काळात विशेष महत्त्वाची ठरते.

## नियोजन व साहित्य

उन्हाळी पदभ्रमणाचे वेळापत्रक साधारणपणे पहाटे चार ते पाच वाजता सुरू होते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास माथ्यावरील गुहा, मंदिर किंवा झाडीत पोहोचून दुपारी चारपर्यंत विश्रांती घेतली जाते व त्यानंतर उतरण सुरू होते. एका दिवसाची लहान चाल असल्यास ऊन वाढण्यापूर्वी पायथ्याशी परतणे श्रेयस्कर मानले जाते. चांदण्या रात्रीची चढाईही प्रचलित आहे, परंतु कड्यालगतच्या व अनोळखी वाटांवर ती टाळली जाते.

आवश्यक साहित्यात रुंद काठाची टोपी, अंगभर सैल सुती किंवा लवकर वाळणारे कपडे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट, काठी, विजेरी, जलसंजीवनीची पाकिटे, प्रथमोपचार पेटी, शिटी व वाटेचा नकाशा यांचा समावेश होतो. घसाऱ्यावर उतरताना लहान पावले टाकणे, गुडघे किंचित वाकवणे आणि पूर्ण तळवा टेकवणे उपयुक्त ठरते.

## नियमन व बचावकार्य

सह्याद्रीतील अनेक वाटा संरक्षित वनक्षेत्रांतून जातात. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यासह अशा क्षेत्रांत वन विभागाचे प्रवेशविषयक नियम लागू असतात. वनात आग पेटवण्यास मनाई असते. साहसी पर्यटन आयोजित करणाऱ्या संस्थांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले आहे.

आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक राज्यात कार्यरत आहेत. डोंगरातील बचावकार्य मुख्यतः स्थानिक ग्रामस्थ व स्वयंसेवी गिर्यारोहक करतात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही संस्था अशा पथकांमध्ये समन्वय साधते. दऱ्याखोऱ्यांत मोबाइलचा संपर्क अनेकदा तुटतो. त्यामुळे निघण्यापूर्वी वाट, गटातील व्यक्तींची संख्या आणि परतण्याची अपेक्षित वेळ घरी व पायथ्याच्या गावात कळवून ठेवल्यास शोधकार्य लवकर सुरू होऊ शकते.

## हेही पहा

* सह्याद्री
* घाटवाटा
* महाराष्ट्रातील किल्ले
* गिर्यारोहण
* उष्माघात